जुनी गाडी, बारीक रेघ आणि चिकटपट्टीचा सोस

जुन्या गाड्या जपणाऱ्या गोमंतकीयांबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून त्यांतले निम्मेअधिक माझ्याशी बोलायचे बंद होतील. माझे म्हणणे एवढेच. तुमच्या १९६५ सालच्या मोटारसायकलच्या टाकीवर जी बारीक सोनेरी रेघ होती ती रंगाची होती, आणि कुणीतरी हाताने मारलेली होती. तिच्या जागी परदेशातून मागवलेली तीन मिलिमीटर रुंदीची व्हिनाइलची चिकटपट्टी लावायची आणि ‘बघा, कंपनीतून आली तश्शी केली!’ असे पाहुण्यांना सांगायचे, हे मला पटत नाही. पट्टी लावायची तर लावा. गाडी तुमची, पैसे तुमचे. पण ‘मूळ’ हा शब्द तिला लावू नका.

‘तू कारकून माणूस, तुला गाड्यांतले काय कळते?’ हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेलेला आहे. खरे आहे, मला कार्बोरेटर उघडता येत नाही. पण रेघांशी माझा संबंध रोजचा आहे. हजेरीपटावरची तांबडी रेघ, टिपणीचा समास, खोडलेल्या आकड्यावरची आडवी रेघ आणि तिच्या शेजारी केलेली सही. यातच माझी वीस-बावीस वर्षे गेली. शिवाय बी. ए. ला इतिहास होता, आणि अस्सल कागद कोणता व नक्कल कोणती हे ओळखायला आमच्या सरांनी शिकवले होते. आमच्या कार्यालयात नकलेवर ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसल्याशिवाय कागद पुढच्या टेबलावर सरकत नाही. नक्कल असणे हा गुन्हा नाही, पण ती नक्कल आहे हे कागदावर लिहावे लागते. जुन्या गाड्यांच्या दुनियेत हा शिक्का मारायची पद्धत नाही, ही माझी पहिली तक्रार.

हे प्रकरण माझ्यापर्यंत आले ते आमच्या एका शेजाऱ्यांमुळे. त्यांच्या वडिलांची जावा मोटारसायकल त्यांनी नव्याने उभी करायला घेतली. जावा म्हणजे मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९६१ पासून ती म्हैसूरला ‘आयडियल जावा’च्या कारखान्यात बनू लागली, पुढे तीच येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गडद तांबड्या रंगाची टाकी, तिच्या दोन्ही कुशींना चकाकणारा क्रोमचा भाग, आणि रंग व क्रोम जिथे भेटतात त्या वळणावरून धावणारी सोनेरी रेघ. ज्यांनी ती गाडी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. शेजाऱ्यांनी टाकी घासून घेतली, पुट्टी भरली, नवा रंग मारला. मग लक्षात आले की रेघ राहिली!

तिथून पट्टीचा शोध सुरू झाला. आधी बाजारातल्या रेडियमवाल्याकडे. (गाडीवर चिकटणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपण ‘रेडियम’ का म्हणतो हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मादाम क्युरींनी ऐकले असते तर!) त्याने यंत्रावर पिवळ्या कागदाच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून दिल्या. सरळ भागावर त्या बऱ्या दिसल्या, वळणावर सुरकुतल्या. मग मुंबईत चौकशी झाली. तिथे पाव इंचाची मिळाली, म्हणजे सहा मिलिमीटरहून जास्त, ती टाकीवर नाडीसारखी दिसू लागली. मग स्विंडनला असलेल्या भाच्याला साकडे. तिथल्या दुकानातून त्याने अस्सल बारीक पट्टीचा रोल पाठवला. रुंदी बरोबर, पण सोनेरीऐवजी रंग निघाला मोहरीसारखा. दुसरा रोल आला, तो चंदेरी. एकेका रोलमध्ये दीडशे फूट, म्हणजे सुमारे पंचेचाळीस मीटर पट्टी. मोटारसायकलला लागते चार-पाच मीटर. उरलेल्या पट्टीत त्यांच्या नातवाने घरचा फ्रिज, आंघोळीची बादली आणि मांजराचे ताट सजवून टाकले.

या खटपटीला आठ महिने लागले. आणि त्या आठ महिन्यांत, जिच्यावर रेघ होती ती मूळ टाकी रंगवण्याआधी आपण नीट पाहिली होती का, हा प्रश्न घरात कुणीही विचारला नव्हता.

माझा खरा राग आहे तो इथे. जुन्या गाडीचे काम घेतले की पहिल्या तासात काय होते? पॉलिश पेपर आणून पत्रा उघडा केला जातो. पन्नास-साठ वर्षांच्या मळाखाली, मेणाच्या थराखाली, गंजाच्या ठिपक्यांतून मूळ रेघ बहुतेक वेळा कुठेतरी शिल्लक असते. टाकीच्या खालच्या बाजूला, सीटखाली झाकलेल्या भागात, हत्यारांच्या पेटीच्या कोपऱ्यात. तिची रुंदी किती, ती कडेपासून किती अंतरावर आहे, वळणावर कशी जाते, कुठे निमुळती होऊन थांबते, हे सगळे तिथे लिहिलेले असते. तिच्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने गिरवून घ्यायला दहा मिनिटे पुरतात. हल्ली तर खिशातल्या फोनने फोटो निघतो. ते न करता आपण आपल्या हाताने पुरावा घासून नाल्यात सोडतो आणि मग त्याच पुराव्याची प्रतिकृती विकत घ्यायला जगभर फिरतो. याला जीर्णोद्धार म्हणतात!

हा शब्द गोव्यात वापरताना मला नेहमीच धास्ती वाटते. आपल्या देवळांच्या जीर्णोद्धारात कावी कलेचे काय झाले ते आठवा. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव म्हणजे तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. वेली, पक्षी, देवदेवता, सगळे रेघांतून. पुढच्या पिढीला त्या भिंती ‘जुन्या’ दिसू लागल्या. कुठे त्यांवर ऑइल पेंट आला, कुठे टाइल्स आल्या, कुठे भिंतच गेली. समितीने पावत्या फाडल्या, कोनशिलेवर नावे लागली. आता तीच कावी कला शिकवण्याच्या कार्यशाळा भरतात आणि जुन्या भिंतींचे फोटो शोधत अभ्यासक गावोगाव हिंडतात. टाकीवरची रेघ देवळाच्या भिंतीएवढी मोठी नाही हे मला कळते. पण खोड तीच.

आता या रेघेच्या कुळाबद्दल थोडे. मोटारीच्या आधी घोडागाडी होती, आणि रेघ ही घोडागाडीची. चाकाचे आरे, दांड्या, दाराच्या कडा यांवर वेगळ्या रंगाची बारीक रेघ मारली की सुताराने दिलेला घाट उठून दिसे. ते काम करणारा कारागीर वेगळा असे. मोटारी आल्या तेव्हा त्यांचे सांगाडे बांधणारे हे पुष्कळसे घोडागाड्या बांधणारेच होते, म्हणून रेघही मोटारीवर आली. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी उभारलेले ‘गोवा चक्र’ हे गाड्यांचे संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा जरूर जावे. तिथल्या रथांकडे, बग्ग्यांकडे पाहताना फक्त चाके मोजू नका, हाताने रंगवलेल्या कडांकडेही बघा.

ही विद्या मेलेली नाही. रॉल्स-रॉइसच्या इंग्लंडमधल्या गुडवुडच्या कारखान्यात, जो २००३ मध्ये सुरू झाला, गाडीच्या अंगावरची तीन मिलिमीटरची लांबलचक रेघ खारीच्या केसांच्या ब्रशने हातानेच मारली जात आली आहे. यंत्रमानव परवडत नाहीत म्हणून नव्हे! आणि त्या कामाने जगभर नाव मिळवलेला कारागीर पूर्वी काय करायचा? गावच्या पबच्या पाट्या रंगवायचा. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, पेंटर. दूरचे कशाला, आपल्या मद्रासच्या एन्फिल्डचे घ्या. १९५५ पासून बुलेट तिथे जुळवली जाऊ लागली, आणि तिच्या टाकीवरची सोनेरी रेघ कित्येक दशके तिथले पेंटर हाताने मारत आले. एका झटक्यात, पट्टी न लावता. ही रेघ मारणारे दोन भाऊ तर जगभरच्या बुलेटवाल्यांत प्रसिद्ध झाले. त्यांचे काम पाहून इंग्रजी मासिकवाले तोंडात बोट घालतात. आपण मात्र आपल्या बुलेटसाठी कुरिअरची वाट बघत बसतो.

(खारीच्या केसांवरून आठवले. आपल्याकडचे जुने पेंटर मुंगुसाच्या केसांचे ब्रश वापरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगूस संरक्षित आहे, त्यामुळे असला ब्रश ‘जुना माल आहे’ म्हणून कुणी दिला तरी घेऊ नका. हौसेपायी खटला नको.)

आता पट्टीच्या बाजूने जे बोलले जाते तेही मांडायला हवे, नाहीतर माझ्यावर एकतर्फी लिहितो असा आरोप होईल.

पहिले म्हणणे असे की काही गाड्यांवर मुळातच पट्टी होती. बरोबर आहे! १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स-१०० च्या टाकीवरचे पट्टे स्टिकरचेच होते. त्याच साली आलेल्या हिरो होंडाचेही तसेच. अशा गाडीवर कुणी ब्रशने रेघा मारल्या तर तेही खोटेच ठरेल. तिथे पट्टी शोधलीच पाहिजे, आणि शोधायची तर डोळसपणे शोधली पाहिजे. व्हिनाइल दोन प्रकारचे असते. एक, गरम रुळांमधून लाटून पातळ केलेले. त्याच्या अंगात लाटण्याचा ताण शिल्लक राहतो, म्हणून ऊन लागले की ते आकसते. पट्टीची टोके मागे सरकतात आणि तिथे गोंदाची काळी रेघ उरते. रेडियमच्या दुकानात बहुधा हेच असते, कारण ते स्वस्त पडते. दुसरे, पातळ द्रवासारखे ओतून वाळवलेले. त्यात ताण नसतो, ते जास्त पातळ असते, वळणावर बसते आणि बसल्या जागी राहते. महाग पडते. दुकानदाराला ‘ओतीव आहे की लाटलेले?’ असे विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही तर उत्तर मिळालेच. आणि पट्टी वळवताना ताणू नका. ताणलेली पट्टी आज टाकीवर झकास दिसते आणि पंधरा दिवसांनी आपल्या मूळ लांबीवर परत जाते.

पण लक्षात घ्या, आरएक्स-१०० ला पन्नास वर्षे पूर्ण होणार २०३५ मध्ये. आज ज्या गाड्यांना कायद्याने विंटेज म्हणतात त्या सगळ्या पन्नास वर्षांपलीकडच्या आहेत, आणि त्यांतल्या ज्यांच्या अंगावर रेघ होती तिथे ती बहुतेक रंगाचीच होती.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण कागदपत्र हा तरी माझा प्रांत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीला पाच हजार. नव्या नोंदणीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ज्यांची नोंदणी आधीच झालेली आहे त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो, म्हणजे ‘जीडीए’वाल्यांनी निश्चिंत असावे. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी मात्र ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. या नियमांत रेघेचा उल्लेख नाही. पट्टी लावली म्हणून कुणी तुमचा अर्ज फेटाळणार नाही. पण ‘मूळ स्वरूप’ हे शब्द सरकारने लिहिले आहेत, आणि ज्या हौशी मंडळींनी या नियमांसाठी वर्षानुवर्षे निवेदने दिली त्यांनीच त्या शब्दांचा अर्थ ‘लांबून तसे दिसणारे’ असा करावा, याची गंमत वाटते.

दुसरे म्हणणे, पट्टी काढता येते, रंग काढता येत नाही. हा मुद्दा वजनदार आहे, संग्रहालयवालेही असाच विचार करतात, की जे कराल ते उद्या मागे घेता आले पाहिजे. मान्य. म्हणूनच जिथे मूळ रंग टिकून आहे तिथे पट्टीही नको, रेघही नको. मूळ रंगाला हातच लावू नका. अर्धी पुसलेली जुनी रेघ तशीच राहू द्या. पण पत्रा उघडा करून, पुट्टी-प्रायमर-रंग असे सगळे नवे चढवून झाल्यावर शेवटच्या तीन मिलिमीटरसाठी ‘मागे घेता यायला हवे’ म्हणणे म्हणजे सगळे घर पाडून उंबऱ्याची काळजी करणे.

शिवाय आपल्या हवेत पट्टी टिकते किती? चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने खारट वारा आणि ऊन. पट्टीला जाडी असते, म्हणून तिला कड असते, आणि त्या कडेला पॉलिशचे पांढरे कीट आणि धूळ बसते. एकदा कड उचलली की पाणी आत शिरते. रंगाची रेघ रंगातच मिसळून बसते. दिसण्यातही फरक आहे. हाताची रेघ वळणावर केसभर जाड होते आणि शेवटी निमुळती होत संपते. पट्टी मात्र ब्लेडने कापल्यासारखी संपते, कारण ती ब्लेडनेच कापलेली असते.

तिसरे म्हणणे सगळ्यांत जास्त ऐकू येते. ‘हो रे, सगळे खरे, पण रेघ मारणारे पेंटर राहिलेत कुठे?’

या प्रश्नावर मी बरेच दिवस गप्प बसत असे, कारण मलाही तसेच वाटायचे. उत्तर मिळाले ते गोव्यापासून फार लांब, जामसांवलीला. नागपूरला भाचीचे लग्न होते. लग्न आटोपल्यावर बायकोच्या माहेरच्यांनी आग्रह केला की इथवर आलात तर जामसांवलीच्या मारुतीला जाऊनच या. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने सत्तरेक किलोमीटर, सौंसरजवळ. मध्य प्रदेशात असला तरी हा सगळा मुलूख मराठी बोलतो. १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा तो रेघेच्या पलीकडे राहिला. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घराघरांत मराठी आणि दुकानाच्या पाटीवर दुसरी भाषा, हे दृश्य आपल्याला नवे नाही, त्यामुळे तिथे मला परके वाटले नाही.

जामसांवलीचा मारुती पिंपळाखाली आडवा झोपलेला आहे. शेंदराने माखलेला. दर्शन घेऊन बाहेर आलो तर वाहनतळावर नव्या गाड्या पूजेसाठी हार घालून उभ्या, आणि जवळजवळ प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर तो केशरी-काळा, भुवया आक्रसलेला मारुती. तो स्टिकर आहे केरळातल्या कासरगोड जिल्ह्यातल्या करण आचार्य या तरुण चित्रकाराच्या चित्राचा, २०१५ चा. आत मारुती निवांत झोपलेला आणि बाहेर शंभर मारुती रागावलेले! मला त्या स्टिकरबद्दल तक्रार नाही, तो स्टिकर म्हणूनच जन्माला आला आणि स्टिकर म्हणूनच मिरवतो. व्हिनाइलचा हा सरळ उपयोग झाला.

परतताना सौंसरच्या रस्त्यावर चहाला थांबलो. टपरीशेजारी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर साठी उलटलेला एक पेंटर काम करत होता. मालकाचे नाव लिहून झाले होते आणि तो कडेने पिवळी रेघ मारत होता. करंगळी पत्र्याच्या कडेवर टेकवलेली, ती कडेवरून सरकत जाते आणि तिच्याबरोबर ब्रश सरकतो, त्यामुळे कडेपासूनचे अंतर बदलत नाही. ब्रशचे केस बोटाएवढे लांब, एकदा रंगात बुडवून जुन्या कॅलेंडरच्या पानावर दोन्ही बाजूंनी फिरवून घेतलेले, म्हणजे जास्तीचा रंग निघून जातो. श्वास धरून हातभर रेघ, मग थांबून पुढची. एके ठिकाणी हात हलला. घासलेटात भिजवलेल्या चिंधीने तेवढे पुसले आणि पुन्हा मारले. मी विचारले, मामा, हल्ली याची तयार टेप मिळते, ती नाही का लावत? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “टेप कायले पायजे जी? हात हाये न.”

रेघ संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो. माझा चहा गार झाला.

हे सांगून मला ‘खेड्यात कला जिवंत आहे’ असला गहिवर आणायचा नाही. सांगायचे ते हे की हात नाहीसे झालेले नाहीत, त्यांना कामावर कुणी बोलवत नाही. आपल्या गोव्यातही नाहीत असे कोण म्हणतो? नाटकांच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, बसच्या बाजूवरची नावे, होड्यांच्या कडांवरचे रंगीत पट्टे हे सगळे कुणी रंगवले? फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. सुरक्षित नंबरप्लेट आली आणि नंबर लिहिण्याचे काम गेले, तिथे निदान चोरी रोखण्याचे कारण तरी होते. ते पेंटर मेले नाहीत. कुणी घरांना डिस्टेंपर लावतो, कुणी सुरक्षारक्षक झाला, कुणी गणेश चतुर्थीपुरता मूर्तींचे डोळे लिहितो. मूर्तीचे डोळे लिहिणारा हात टाकीवर रेघ मारू शकणार नाही असे वाटते का तुम्हाला? आल्तिनच्या कला महाविद्यालयाने वर्षाला आठ दिवसांचे शिबिर घेतले, जुन्या पेंटरांना गुरू म्हणून मानधन देऊन बोलावले, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांनी एकेक टाकी तिथे नेऊन ठेवली, तर खर्च किती येईल? मी आकडा मांडून देतो, ते माझे रोजचे काम आहे. लंडनहून येणाऱ्या दोन-चार रोलांच्या टपालखर्चाइतकाही प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही.

आमच्या शेजाऱ्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. माझे व्याख्यान त्यांनी तीन वेळा ऐकले, तिसऱ्या वेळी निव्वळ कंटाळून हो म्हणाले. गावच्याच एका म्हाताऱ्या पेंटरकडे आम्ही टाकी नेली. मूळ रेघ तर घासून गेलेली, म्हणून ओळखीच्या दुसऱ्या एका जावाच्या टाकीवरून बटर पेपरवर माप उतरवून घेतले. त्या टाकीवरची रेघ, गंमत म्हणजे, तीन मिलिमीटरची नव्हतीच, अडीचच्या आसपास होती. म्हणजे आठ महिने ज्या रुंदीच्या मागे धावलो ती रुंदीच चुकीची! पेंटरने पहिल्या दिवशी काम घेतले नाही, जुन्या पत्र्याच्या डब्यावर सराव करतो म्हणाला, बारा वर्षांत ब्रश धरला नव्हता. तिसऱ्या दिवशी बोलावले. डावीकडची रेघ उजवीकडच्यापेक्षा किंचित वर गेली आहे. शेजाऱ्यांनी ती मला दाखवली आणि ‘हे बघ तुझे हाताचे काम’ असे म्हणाले. मी त्यांना दुसऱ्या टाकीचे फोटो दाखवले. म्हैसूरच्या कारखान्यातल्या कामगाराचीही डावी बाजू उजवीपेक्षा वेगळीच होती.

ज्यांना हे करून बघायचे असेल त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. टाकी पेंटरकडे नेण्याआधी नवा रंग पूर्ण वाळू द्या, आणि रेघेचा इनॅमल तुमच्या रंगावर धरतो की त्याला उचकटतो हे टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर आधी तपासून घ्या. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. स्विंडनच्या दुकानदाराशी केली होती का? आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. हवेत ओल असली की इनॅमल वाळायला उशीर लागतो आणि तेवढ्या वेळात त्याच्यावर चिलटे येऊन बसतात. दिवाळीनंतर न्या. आमचा पेंटर सकाळी नऊच्या आधी आणि चहाच्या आधी रेघ मारत नाही, चहानंतरच मारतो, तेव्हा सोबत थर्मास न्यावा.